जागृत यंत्र

विद्युतानंद महाराजांच्या कपाळात दिवा लागायचा. चिंचवडच्या त्या कामगार सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. उरलेल्या निम्म्यांनी तो नुसता ऐकला होता, त्यामुळे त्यांची खात्री जरा जास्तच पक्की होती.

गुरुवार हा कंपन्यांच्या सुटीचा दिवस. दुपारची जेवणं उरकली की कुणाच्या तरी घरात खिडक्या लावल्या जायच्या, दारावर चादर टांगली जायची, आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. खोलीच्या मध्यावर सागवानी पाट, पाटावर घोंगडीची घडी, घडीवर अनवाणी उभे महाराज. प्लगमधून एक लाल वायर बाहेर काढलेली असे, तिचं टोक सोललेलं. महाराज ते उजव्या मुठीत धरायचे. शिष्य बटण दाबायचा. महाराज डोळे मिटून उभेच. ते मरत नाहीत एवढं पाहूनच बायका पदर पसरायच्या.

मग गर्दीतल्या एखाद्याच्या हातात टेस्टर दिला जायचा. वायरमन लोक खिशाला लावतात तोच, पारदर्शक दांड्यात इवलासा दिवा असलेला. महाराज म्हणायचे, "टोक माझ्या भुवयांच्या मध्ये टेकव. वरच्या टोपीवर बोट ठेव. भिऊ नकोस, बाळा." बाळ बहुधा पन्नाशीचा टर्नर असायचा. तो टेस्टर टेकवायचा, आणि अंधाऱ्या खोलीत महाराजांच्या कपाळावर लाल ठिणगी स्थिर उजळायची.

त्यानंतर प्रवचन. ते सोसायटीतल्या पोरांनाही पाठ झालं होतं.

"ही वीज येते कुठून? धरणातून. धरणाच्या पोटात काय आहे? गावं. गावांत काय होतं? देवळं. मग बुडालेल्या देवळांतल्या देवता गेल्या कुठे? पाण्यात मिसळल्या. पाणी चाकावर पडलं, देवता तारेत आल्या. सरकार त्यांना युनिटच्या भावाने विकतं. तुम्ही बटण दाबून त्यांच्याकडून पंखा फिरवून घेता, आणि वर विचारता, महाराज, घरात शांती का नाही?"

तारांचंही त्यांनी तत्त्वज्ञान केलं होतं. प्लस म्हणजे पुरुष, मायनस म्हणजे प्रकृती. तिसरी जी तार जमिनीत गाडतात ती अहंकार, म्हणून त्यांनी केलेल्या वायरिंगमध्ये तिसरी तार नसे. अहंकाराचा खर्च वाचल्याबद्दल यजमानही खूश असत.

ऐकणारे कोण, तर फिटर, टर्नर, ग्राइंडर. कंपनीत मशीनला नुसता मुंगीएवढा करंट लागला तरी मेंटेनन्सच्या नावाने शंख करणारी ही माणसं. पण कंपनीतली वीज वेगळी आणि घरातली वेगळी अशी त्यांनी आपल्यापुरती वाटणी करून घेतली होती. महाराज पूर्वी खंडू होते, एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होते, आणि तांब्याची तार धोतरात गुंडाळून नेताना पकडले गेले होते, हेही काहींना माहीत होतं. त्यावर उत्तर असं की वाल्याचा वाल्मीकी होतोच.

सोसायटीत वीज आल्याला वर्षही झालं नव्हतं. सन एकोणीसशे एकाहत्तर. जो तो घराला तारा ओढून घेण्याच्या घाईत होता, आणि महाराज सोवळं नेसून, आंघोळ करून वायरिंग करून देत. काम संपलं की देवघराच्या दाराच्या वर, तारा झाकणाऱ्या लाकडी पट्टीवरच, ते तांब्याच्या पत्र्याचं देवीचं एक यंत्र खिळ्याने ठोकायचे. बाजूच्या भिंतीवर नाही, पट्टीवरच. देवी प्रवाहावर बसते, म्हणायचे. यंत्राला बोट लावलं की मुंग्या येत. म्हणजे यंत्र जागृत. फक्त एक नियम होता. यंत्राला हात लावायचा तो लाकडी चौरंगावर उभं राहून. भुईवरून हात लावणं हा देवीचा अपमान.

मधुसूदनराव आठल्यांच्या घरातही असं एक यंत्र होतं.

मधुसूदनराव एका इंजिनांच्या कंपनीत इन्स्पेक्शनला होते. केसाच्या जाडीइतका फरक सापडला तर ते अख्खी गाडी भरून माल परत पाठवायचे, आणि त्याबद्दल त्यांना शिव्याही बसायच्या आणि मानही मिळायचा. त्यांची मुलगी अरुंधती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिशी गाठलेली, लग्न न झालेली, आणि वर पुस्तकं वाचणारी, म्हणजे सोसायटीच्या हिशेबाने तिन्ही बाजूंनी वाया गेलेली. महाराजांचं नाव घरात निघालं तेव्हा ती वडिलांना म्हणाली होती की लायसन असलेला माणूस बघा. मधुसूदनराव म्हणाले, एकजण येऊन गेला, जमलं नाही. आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "तुझ्या आईला सोवळ्यातला माणूस हवाय. घर तिचं आहे. देवघराच्या भिंतीचा प्रश्न आहे, अरू. तिथे सायन्स नको."

ते त्या यंत्राला रोज बोट लावत. आधी हसत हसत, मग सवयीने, मग खरोखरच.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. मधुसूदनरावांनी त्या सकाळी आपला मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज, घरातली हातोडी, बायको इंदुताईंची विळी, सगळं पुसून चौरंगावर मांडलं. झेंडूची फुलं, हळदकुंकू. अरुंधती त्या दिवसांत बाजूला होती, म्हणून बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसली होती. फरशी नुकतीच पुसलेली. आंघोळीहून आलेले मधुसूदनराव ओलेत्यानेच पूजेला लागले. हत्यारांची पूजा झाली. मग त्यांना यंत्राची आठवण झाली असावी. चौरंग भरलेला होता. ते उंच होते. ओलं फूल घेऊन ते टाचा उंचावून भुईवरूनच वर पोचले.

ताम्हन पडल्याचा आवाज आला. अरुंधती धावली. मधुसूदनराव फरशीवर पडले होते. तिच्या आधी इंदुताई स्वयंपाकघरातून आल्या होत्या, आणि त्यांनी दोन्ही हात आडवे करून मुलीला थांबवलं.

"तू हात लावू नकोस त्यांना."

पुढे महिनाभर अरुंधतीला सगळ्यात आधी हेच वाक्य आठवायचं, आणि मग बाकीचं.

महाराज डॉक्टरच्या आधी पोचले. त्यांनी मेन स्विच बंद केला, चौरंगावरची हत्यारं हाताने बाजूला लोटली, वर चढले, पकडीने खिळा उपटला आणि यंत्र लाल फडक्यात बांधलं. मग वळून जमलेल्या माणसांना विचारलं, घरात विटाळ कुणाला आहे? कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं कुठे ते त्यांना दिसलं. पहाटे बटणाला हात कुणी लावला? इंदुताईंनी पाहिलं होतं. वह्या तपासायला मुलीने अंधारात उठून दिवा लावला होता. नवऱ्याचं प्रेत समोर असताना त्यांनी ते सांगून टाकलं.

इस्पितळातल्या डॉक्टरने बोट पाहिलं. "करंट बसलाय. बोटाला भाजल्याची खूण आहे. वायरिंग कुणी केलंय?" नातेवाइकांपैकी कुणीही उत्तर दिलं नाही. पोलीस आले तेव्हा यंत्र जागेवर नव्हतं. त्यांनी अपघात लिहून घेतला आणि गेले.

महाराजांचा निकाल मात्र सविस्तर होता. देवी विटाळाने कोपली. महिनाभर यंत्र त्यांच्याकडे शांत होत राहील, मग त्याच जागी पुन्हा ठोकायचं. त्या वेळी मुलीने सगळ्यांसमोर चूक कबूल करायची. नाहीतर दुसरा घाव घरच्या बाईवर.

इंदुताईंनी होकार दिला. त्या मुलीच्या हातचं पाणी घेईनाशा झाल्या. ताट वाढायच्या आणि हाताने नव्हे, उलथन्याने तिच्याकडे सरकवायच्या. शाप नाही, शिवी नाही, रडणं नाही. एकदाच, तांदूळ निवडता निवडता, सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "उजाडेपर्यंत धीर धरवला नाही तुला." बस, एवढंच. नंतर पुन्हा खडे काढू लागल्या.

अरुंधतीने त्यावर वाद घातला नाही. वादाने बाबा परत येणार नव्हते, आणि आईही. पण यंत्र पुन्हा भिंतीवर चढलं तर त्याला रोज हात लावणारं माणूस आता घरात एकच उरलं होतं. आई त्याला हात लावल्याशिवाय राहणार नाही, हे तिला आईच्या गप्प बसण्यावरूनच कळत होतं.

तिच्या डोक्यात एक प्रश्न मात्र घर करून बसला. देवीला शांत करायला आधी मेन स्विच का बंद करावा लागतो?

हा प्रश्न घेऊन ती एका संध्याकाळी शाळेतून परस्पर कासारवाडीला गेली. भिवा ओव्हाळ तिच्या वडिलांच्या कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता, लायसन असलेला. चाळिशीचा, तुटक बोलणारा माणूस. त्याची बायको चिमाबाई हिने चहा टाकला. अरुंधतीने यंत्राची, खिळ्याची, चौरंगाची, पाटाची, सगळी हकीकत सांगितली. भिवा चहा बशीत ओतत ऐकत होता.

"तुम्हाला माहीतच आहे की," तो शेवटी म्हणाला. "मला कशाला विचारता? खिळा पट्टीतून तारेत गेलाय. यंत्रात करंट. कोरड्या लाकडावर माणूस असला की मुंग्या. ओल्या फरशीवर असला की तिरडी."

तिने त्याला यायची विनंती केली. त्याने सगळ्यांसमोर पट्टी उघडून दाखवावी. भिवा हसला, पण ते हसू काही सुखाचं नव्हतं.

"मी एकदा येऊन गेलोय तुमच्याकडे. साहेबांनीच बोलावलं होतं. टेप लावून भिंती मोजत होतो. तुमच्या आई दारात आल्या. म्हणाल्या, ओटीवरचं तुम्ही करा, आतलं दुसरा कुणी करील. मी म्हणलं, बाई, वायर ओटीवर थांबत नाही. साहेब खाली बघत होते. कंपनीत मला 'ओव्हाळ, जरा बघा हो' म्हणणारे साहेब."

अरुंधतीने कप खाली ठेवला.

"आता मी आलो तर तो खंडू काय म्हणेल? विटाळाचं खरं कारण सापडलं म्हणेल. लोक मानतील. सगळ्यांत आधी तुमची आई मानेल. तुम्ही तेवढ्या सुटाल, बाई, पण त्यासाठी मी नाही यायचा."

ती उठली. निघताना चिमाबाईने तिला हाताने थांबवलं. घरात कुणी नसताना पट्टीला हात लावू नका, आणि मेन बंद असल्याशिवाय तर मुळीच नाही, एवढं तिने सांगितलं. तिचा नवरा हे सांगायला विसरला नव्हता. त्याने मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि त्याला त्याचा तो हक्क होता.

शांतीचा गुरुवार उजाडला तेव्हा अरुंधती पुन्हा बाजूलाच होती. महाराजांनी तिथी काढताना हा हिशेब धरला नव्हता. अशा हिशेबांत बुवा लोक नेहमी कच्चे असतात. इंदुताईंनी तिला ओटीवर बसवलं आणि सांगितलं की बोलावतील तेव्हा आत न येता उंबऱ्याबाहेरूनच कबुली द्यायची. खिडक्या लागल्या. सोसायटी लोटली. महाराजांनी तांब्यातून पाट सोडून साऱ्या खोलीभर पाणी शिंपडलं, मग पाटावर चढले, तार धरली, कपाळात दिवा लावून दाखवला. टेस्टर शेजारच्या किसनच्या हातात होता. किसन कंपनीत फिटर, आणि यंत्राचं वेड त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला जास्त.

महाराजांनी तार पाटावर ठेवली. मग पाटावरून उतरले. अरुंधती ओटीवरून हेच बघत होती. आधी तार, मग पाय. कधीही उलट नाही.

"आता कन्येने बोलावं," महाराज म्हणाले.

कन्या उठली आणि उंबरा ओलांडून सरळ आत आली. बायका भिंतीला चिकटून सरल्या. ती म्हणाली की मी आजही बाजूलाच आहे, सगळ्यांनी नीट ऐकावं, आजही. मग फडक्याने पाय कोरडे पुसून ती पाटावर चढली. बटण चालूच होतं. महाराज म्हणाले, जळून कोळसा होशील. या वेळी त्यांचा आवाज प्रवचनातला नव्हता. तिने सोललेलं टोक मुठीत धरलं.

काही झालं नाही.

अरुंधतीने आईकडे पाहिलं.

"आई, टेस्टर घे. माझ्या कपाळाला लाव."

इंदुताई जागच्या हलल्या नाहीत. मुलीला महिनाभरात शिवल्या नव्हत्या, आणि आज तर ती विटाळशी, वर देवीच्या पाटावर. किसन पुढे झाला. अरुंधती त्याला म्हणाली, तुम्ही नको. शेवटी इंदुताईंनी किसनच्या हातातून टेस्टर घेतला, तो कसा धरायचा हे इतक्या गुरुवारी पाहून त्यांना ठाऊक होतं, आणि मुलीच्या भुवयांच्या मध्ये टेकवला.

दिवा लागला. महाराजांच्या कपाळात लागायचा तसाच, तेवढाच लाल.

खंडू काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने क्षणात दोन्ही हात वर केले. "देवीने क्षमा केली. कन्येच्या अंगात तेज उतरलं. नमस्कार करा, माय." आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायका खरोखरच वाकल्या. महिनाभर जिला पाहून पदर आवरून घेत होत्या तिच्याच पायाशी. अरुंधतीला त्या क्षणी खंडूपेक्षा त्यांची जास्त भीती वाटली.

"क्षमा केली ना?" ती म्हणाली. "मग महाराज, माझा हात धरा."

महाराजांचे वर केलेले हात खाली आले.

"तिथूनच धरा. भुईवर उभे राहून. तुम्हीच पाणी शिंपडलंय."

महाराज म्हणाले की देवीच्या तेजाला स्पर्श करायचा एक मुहूर्त असतो. असं म्हणता म्हणता त्यांची पावलं मागे सरत होती आणि एक हात भिंतीवरच्या मेन स्विचकडे जात होता. ते अंधारातही सगळ्यांना दिसलं, कारण सगळे आता त्या हाताकडेच बघत होते.

"मेन कशाला बंद करता?" अरुंधती म्हणाली. "देवी माझ्यात आहे की त्या पेटीत?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्या एका हसण्याने महाराजांचं वजन अर्ध्यावर आलं. घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. सगळ्यांत जवळचं शस्त्र उचललं आणि ते स्वतःच्याच पायावर मारून घेतलं.

"आठल्यांनीच नियम मोडला," ते ओरडले. "मी बजावून सांगितलं होतं. चौरंगावर उभं राहिल्याशिवाय हात लावायचा नाही. घराघरात सांगितलंय, विचारा कुणालाही."

"का सांगितलंत?"

महाराजांची नजर दाराकडे गेली.

"कोरड्या लाकडावर माणूस मरत नाही आणि ओल्या भुईवर मरतो, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून सांगितलंत. माहीत असून खिळा तारेत मारलात. आणि बाबा भुईवर मेलेत हे दिसत असून माझ्या अंगावर बोट दाखवलंत."

मग तिने तार पाटावर ठेवली, खाली उतरली, आणि आवाज न चढवता, वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. वीज माणसाला मारते ती त्याच्यातून जमिनीत जाताना. जमिनीकडे वाट नसली तर ती नुसती अंगावर येऊन उभी राहते. पाट आणि घोंगडी ही वाट अडवतात. टेस्टरमधून जो कणभर प्रवाह जातो त्याने फक्त दिवा लागतो, धरणाऱ्याला कळतही नाही. दिवा कपाळात नसतोच, टेस्टरमध्ये असतो. किसनला ती म्हणाली, आता तुम्ही मेन बंद करा आणि पट्टी उघडा. किसनने स्क्रू काढले. लाल तारेच्या कापडी आवरणात, यंत्राच्या खिळ्याच्या बरोब्बर खाली, एक भोक होतं आणि त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या. किसनने त्या भोकावरून बोट फिरवलं. तो रोज कंपनीत याहून लहान चुका पकडत होता.

"म्हंजी आमच्याबी घरात हे असंच असंल," तो म्हणाला, आणि बायकोकडे न बघता घरी पळत सुटला. त्याच्या मागे दारातल्या चपलांच्या ढिगात जी झुंबड झाली तिच्यात महाराज कधी निसटले कुणाला कळलं नाही. पाट, घोंगडी आणि लाल फडक्यातलं यंत्र मागेच राहिलं.

सगळ्यांनी यंत्रं काढली असं मात्र नाही. दोन घरांनी यंत्राखाली चौरंग पक्का सिमेंटात बसवून घेतला आणि दर्शन चालू ठेवलं. अरुंधतीची क्षमा कुणी मागितली नाही. उलट, बाजूला असताना एवढ्या माणसांत शिरली, असं बऱ्याच जणी पुढे वर्षभर सांगत होत्या.

गर्दी पांगल्यावर इंदुताई ओल्या फरशीवर तशाच बसून होत्या. हातात टेस्टर.

"म्हणजे कुणाचा कोप नव्हता?"

"नाही."

"तू दिवा लावलास त्याने काही झालं नाही?"

"नाही, आई."

"मग ते कशाने गेले?"

"खिळ्याने."

इंदुताईंनी मान हलवली. देवीच्या कोपाने गेलेल्या माणसाची बायको असणं त्यांना महिनाभर कसंबसं जमलं होतं. खिळ्याने गेलेल्या माणसाची बायको कसं व्हायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. अरुंधतीने त्यांना धरलं, आणि त्यांनी हात झटकला नाही. कासारवाडीला ऐकलेली गोष्ट अरुंधतीने तेव्हा सांगितली नाही, नंतरही नाही. पण थोड्या वेळाने इंदुताईच म्हणाल्या, "तो ओव्हाळ. तो येईल का आता?" आणि मुलीने काही म्हणायच्या आत, "मी जाते. मीच गेलं पाहिजे."

त्या गेल्या. भिवाने त्यांना उभं ठेवलं नाही आणि फार बसवलंही नाही. हातात कामं आहेत, नंबर लागला की येईन, म्हणाला. तोवर आठल्यांचं घर कंदिलावर राहिलं. एका गुरुवारी सकाळी तो पिशवी घेऊन आला, जुन्या तारा ओढून काढल्या, मागच्या अंगणात तिसऱ्या तारेच्या अर्थिंगसाठी खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं. शेवटी देवघराची भिंत राहिली. उंबऱ्याशी आल्यावर तो थांबला आणि पायातल्या रबरी चपला काढू लागला.

"राहू द्या पायात," इंदुताई म्हणाल्या.

"देवघर आहे, बाई."

"असू द्या. चपला घालूनच या आत."

भिवाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चपलांसकट आत गेला. यातून मधुसूदनराव परत येणार नव्हते आणि दारातून परत पाठवलेला तो दिवसही पुसला जाणार नव्हता.

अरुंधतीने पाटावर उभं राहून जे केलं ते कुणी करू नये. बाप गेल्यावर आणि आई जाऊ नये म्हणून तिने ते केलं. शहाण्या माणसाने ती वेळच येऊ देऊ नये. घरात देव ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तारा ओढायला येणाऱ्याला लायसन विचारावं; मंत्र विचारू नये, जात तर मुळीच विचारू नये. जमिनीत जाणारी तार घातली की नाही ते स्वतः उभं राहून बघावं. नळ, भांडं, भिंत, देवाची मूर्ती, काहीही बोटाला मुंग्या देऊ लागलं तर हात जोडण्याआधी मेन बंद करावा. विजेला भक्त ओळखता येत नाही, विटाळही कळत नाही. तिला फक्त ओलं आणि कोरडं कळतं.